डेलिका स्टार वॅगन : शिडी नंतर बघा, आधी कूलंट बघा

फोटोत ही व्हॅन भुरळ घालतेच. चौकोनी तोंड, उंच बांधा, छतात काचांच्या पट्ट्या, मागे शिडी. पण मित्सुबिशी डेलिका स्टार वॅगनमध्ये बघायचं असतं ते पुढच्या सीटांखाली, जिथे इंजिन असतं, आणि गाडीच्या पोटाखाली.

1986 साली आलेल्या या पिढीत भटक्यांना हवी असते ती 2.5 लिटर टर्बो डिझेल, म्हणजे 4डी56 इंजिनाची फोर व्हील ड्राइव्ह. ताकद जेमतेम 85 हॉर्सपॉवर. हायवेवर ताशी 90 किलोमीटरला ती खूश असते, त्यापुढे तिला पळवण्यात अर्थ नाही. खरा जोर 4एलमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या लो रेंजमध्ये (खूप हळू पण जोरदार गिअर) आहे. दगडगोट्यांचा चढ ती अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून चढते. 4एच, म्हणजे चारही चाकांची नेहमीच्या वेगाची रेंज, मात्र कोरड्या डांबरावर लावू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं सेंटर डिफरेन्शियल या गाडीत नाही, त्यामुळे वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि तो ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) सोसते.

या इंजिनाचं दुखणं एकच, पण जीवघेणं. तापलं की सिलिंडर हेडला तडा जातो. म्हणून गाडी पूर्ण थंड असतानाच बघायला जा. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असतात. पण ते थांबतच नसतील तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात घुसतोय. फेरी मारून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी वरचा होज दाबून बघा. गार इंजिनावरही तो टणक लागला तर तिथूनच परत फिरा. विकणाऱ्याने तुम्ही पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

कंपनीच्या टेंपरेचर काट्यावर विसंबू नका. तो बराच वेळ मधे निवांत बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा डिजिटल गेज आणि कूलंट पातळीचा अलार्म बसवा; ऑफ-रोड टायरांपेक्षा हा खर्च आधी. लांब चढावर ऑटोमॅटिकचा ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद ठेवा.

बरं, कूलंट जातं कुठे? पुष्कळदा मागच्या हीटरच्या पाइपांतून. लोखंडी पाइप फरशीखालून मागे जातात, त्यांवर मीठ-चिखल बसतो आणि ते आतून-बाहेरून सडतात. बोटाने चाचपा, खवले सुटले तर पाइप बदला. मागचा हीटर नको असेल तर पुढेच बायपास करा.

बेल्ट दोन असतात : व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमिंगचा मोठा आणि इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा छोटा. छोटा तुटला की मोठ्यात अडकतो, मग व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. दोन्ही बेल्ट टेन्शनरसकट एकत्रच बदला. 1,00,000 किलोमीटरला डॅशवर दिवा लागतो, पण तो रीसेट करता येतो. दिवा विझलेला आहे म्हणून बेल्ट बदललाय असं धरू नका, पावती मागा.

जपानी लिलावाचा कागद, म्हणजे तिथला तपासणीचा अहवाल, आला की ग्रेडच्या आकड्याआधी गाडीच्या आकृतीवरच्या खुणा वाचा. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ पोचा, ‘डब्ल्यू’ ठोकून सरळ केलेला पत्रा, ‘एस’ गंज, ‘सी’ सडलेला पत्रा. ग्रेडच्या जागी ‘आर’ असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी. होक्काइडोसारख्या बर्फाळ भागातली असेल तर खालचे फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नका. रस्त्यावरचं मीठ कागदावर दिसत नाही. समोरच्या काचेचे खालचे कोपरे आणि मागच्या चाकांच्या कमानी नीट बघा. छतातल्या काचांचे रबर चाळीस मिनिटं पाणी मारून तपासा.

याहून आरामशीर हवी असेल तर 1994 ची डेलिका स्पेस गियर. 2.8 लिटरचं 4एम40 इंजिन, बेल्टऐवजी चेन, आणि सुपर सिलेक्ट या फोर व्हील ड्राइव्ह पद्धतीमुळे 4एच डांबरावरही चालते. हेडची काळजी तिथेही सुटत नाही. शिवाय डॅशवरचे फोर व्हीलचे दिवे लुकलुकत राहिले तर आधी व्हॅक्यूमचे होज आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) तपासा, गिअरबॉक्स नाही. 2007 ची डेलिका डी:5 सगळ्यांत सुखाची, पण तिला लो रेंज नाही. ती कॅम्पिंगची गाडी, खडकांची नव्हे.

समोरून धडक बसली तर स्टार वॅगनमध्ये मधे येतात ते आपले गुडघे. नाक नसलेल्या गाडीची ही किंमत आहे, ती मान्य असेल तरच घ्या.

आयातीचा नियम देशागणिक वेगळा. गाडी अमेरिकेत किमान 25 वर्षं, कॅनडात 15 वर्षं जुनी असावी लागते, आणि मोजायची ती वर्षं नोंदणीपासून नव्हे, उत्पादनाच्या महिन्यापासून. तो चेसिस नंबरवरून काढा आणि एक्स्पोर्ट सर्टिफिकेटवरच्या नंबराशी ताडून बघा. एका आकड्याच्या चुकीमुळेही गाडी बंदरात अडकते आणि रोजचं भाडं चढत राहतं. ती सुटल्यावर ताब्यात आली की कूलंट, सगळे होज, रेडिएटर कॅप, थर्मोस्टॅट, इंजिन-गिअरबॉक्स-डिफरेन्शियलचं तेल आणि दोन्ही बेल्ट हे सगळं पहिल्या महिन्यातच. इंजिनाचे पार्ट अजून सहज मिळतात, कारण हेच इंजिन पजेरोतही होतं. बॉडीचे मात्र भंगारातच शोधावे लागतात.