वानखेडे की उप्पल? परभणीहून आयपीएल बघायला निघताना

"मामा, यंदा एक तरी मॅच मैदानात बसून बघायची. मुंबईला जावं का हैदराबादला?" आयपीएलचा नवा मोसम जवळ आला आणि भाच्यानं विचारलं. मराठवाड्याला स्वतःचा संघ नाही, आयपीएलचं मैदानही नाही. पण परभणीवरून देवगिरी एक्स्प्रेस जाते. संध्याकाळी बसलं की सकाळी सीएसएमटी, सकाळी बसलं की दुपारी सिकंदराबाद. म्हणून मी त्याला म्हटलं, संघाचं नंतर बघू, आधी सांग मॅच किती वाजताची?

बाकी सगळं त्यावरच ठरतं. रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि संपायला अकरा-साडेअकरा होतात. मुंबईहून देवगिरी साडेनवाच्या सुमारास सुटते, म्हणजे वानखेडेवर दुसरा डाव सुरू होतो न होतो तोच आपली गाडी गेलेली असते. मग सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसशिवाय गत्यंतर नाही. मी एकदा ती रात्र स्टेशनावर बसून काढली आहे. सोबत झोपाळलेलं लेकरू असलं की मॅचचा आनंद तिथंच संपतो.

दुपारी साडेतीनची मॅच असेल तर मात्र मुंबईसारखी सोय नाही. सकाळी उतरायचं, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकायचं (मैदानात बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत) आणि दुपारी चर्चगेटकडं निघायचं. साडेसात-पावणेआठला सामना संपतो. चालत सीएसएमटीला यायचं, जेवायचं, देवगिरीत झोपायचं. लॉजचा खर्च शून्य. अडचण एवढीच की दुपारचे सामने मोजके. त्यातही २०२३ ते २०२५ या तिन्ही मोसमांत मुंबई इंडियन्सनं रविवारचा एक दुपारचा सामना सामाजिक संस्थांच्या हजारो मुलांसाठी राखला होता. फार चांगली गोष्ट आहे ती, पण त्या दिवशी विक्रीला तिकिटं कमीच उरतात. आपण दुसरी तारीख बघावी.

हैदराबादच्या उप्पल मैदानाचं गणित बरोबर उलटं. तिथं रात्रीचीच मॅच घ्यावी. एप्रिल-मेमध्ये हैदराबादचं दुपारचं ऊन आपल्या परभणी-नांदेडसारखंच आहे, लेकरांना त्यात बसवू नये. देवगिरी दुपारी सिकंदराबादला सोडते. तिथून सिकंदराबाद ईस्टची मेट्रो नागोलच्या दिशेनं पकडायची आणि 'स्टेडियम' नावाच्याच स्थानकावर उतरायचं. रिक्षावाल्याशी घासाघीस नाही की रस्ता चुकायची भीती नाही. रात्री मुक्काम मात्र करावा लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारची देवगिरी संध्याकाळी परभणीला आणून सोडते. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो, त्यामुळं नांदेड-परभणीकडच्या कित्येक घरांचे पाहुणे आजही हैदराबादेत आहेत. एक फोन केला की झोपायची सोय होते. गाड्यांच्या वेळा अधूनमधून बदलतात, तेवढ्या तिकीट काढण्याआधी पुन्हा बघून घ्या.

आता खेळाचं. वानखेडेला जो मान आहे तो उप्पलला नाही. २ एप्रिल २०११ ला धोनीनं जिथं षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, सचिन जिथं शेवटची कसोटी खेळला, त्या जागी आपण बसलोय या जाणिवेनंच अंगावर काटा येतो. पण निव्वळ धावा बघायच्या असतील तर उप्पलच. २७ मार्च २०२४ ला तिथं हैदराबादनं मुंबईविरुद्ध २७७ केल्या, मुंबईनं उत्तरात २४६. एका रात्रीत ५२३ धावा आणि ३८ षटकार. पुढच्या वर्षी राजस्थानविरुद्ध २८६ आणि मग पंजाबविरुद्ध अभिषेक शर्माच्या ५५ चेंडूंत १४१. पहिल्यांदा मैदानात जाणाऱ्या पोराला असा खेळ बघायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नांदेड, हिंगोली, लातूर, परभणीकरांनी उप्पल. लातूरहून तर बिदरमार्गे गाडीनंही फार लांब नाही. संभाजीनगर, जालनेकरांनी वानखेडे, पण दुपारची मॅच मिळाली तरच. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यामुळं कार घेऊन जायचा मोह होतो. जाताना जा, पण मॅच संपवून रात्रीच परत निघू नका. दिवसभराचा शीण आणि समोर सरळसोट रस्ता, डोळा लागायला क्षण पुरतो. त्या रस्त्यानं किती घरं उजाड केली ते आपण पेपरात वाचलंय. मुक्काम करा.

बीड, धाराशिवकडच्यांना मी वेगळंच सांगेन. जूनमध्ये पुण्याजवळ गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग होते, तिकडं जा. पावसाचा भरवसा नाही, झगमगाटही कमी. पण तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर चेन्नईकडून आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात ३ बळी घेतो आणि बीडचा सचिन धस १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ वरून, ९६ धावा काढतो. आपल्याच भागातली अशी पोरं तिथं जवळून बघायला मिळतात.

भाच्यानं शेवटी उप्पल ठरवलंय, रात्रीची मॅच. देवगिरीचं जातानाचं आरक्षण झालं. येतानाचं मी त्याला आजच काढायला लावतोय, कारण सुट्ट्यांत ही गाडी आधी भरते.