आमच्या कारवान जातीच्या कुत्र्याला नवीन घर शोधून देणाऱ्या ग्रुपचा रिव्ह्यू (5 पैकी 4, एक का कापला ते खाली)

ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रार पण केलीये आणि ती पोरं नोकऱ्या सांभाळून फुकटात हे काम करतात. पुण्यात कुत्री पाळणारे बरोबर ओळखतील.

तर आमचा चित्या. 14 महिन्यांचा, नर, कारवान. कर्नाटकात ह्यालाच मुधोळ म्हणतात, पोस्टाने 2005 साली तिकीट पण काढलंय ह्या जातीचं. नवऱ्याच्या मावसभावाने जतकडून दीड महिन्याचं पिल्लू आणून हातात दिलं, म्हणे गावाकडचं रक्त आहे, ह्याला काय लागत नाही, भाकरी-दूध घाला बास. काय लागत नाही म्हणे! वर्षाच्या आत तो माझ्या मांडीच्या वर आला आणि आमचा धनकवडीतला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, हॉलच्या दारापासून गॅलरीपर्यंत त्याच्या मोजून चार उड्या. ही जात वास हुंगत बसत नाही, नजरेने शिकार धरते, लांब काहीतरी हललं की ह्याचे कान बंद, मग तुम्ही बिस्किटाचा पुडा नाचवा नाहीतर आरती म्हणा. तळजाईला एकदा मोर दिसला. मोर वाचला, माझ्या कोपरावर अजून डाग आहे.

सकाळी 5 ला उठून तासभर, रात्री परत तासभर, रविवारी टेकडी, एवढं करून पण तो दमायचा नाही, आम्हीच दमायचो. मग मार्चमध्ये बेल वाजली, हा दाराकडे सुटला, मध्ये सासूबाई, मनगट फ्रॅक्चर. त्या स्वतः म्हणत होत्या की मुक्या जनावराची काय चूक, पण ते प्लास्टर बघून मी आणि नवरा रात्री किचनच्या ओट्यापाशी उभे राहून बोललो आणि ठरवलं की दुसरं घर बघायचं. (सोसायटीमुळे नाही हां. चेअरमन काकांना मी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं 2015 चं पत्रक कधीच दाखवलं होतं, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही असं त्यात सरळ लिहिलंय.)

आधी शहाणपणा करून मीच स्टेटसला फोटो टाकला आणि तो फिरत फिरत कुठे कुठे गेला. दोन दिवस फोन थांबेना. ससा धरतो का, शर्यतीला पळवलाय का, जोडी लावायला द्या एक पिल्लू तुम्हाला देतो. कुत्र्याचं नाव एकाने विचारलं नाही. एकाला सांगितलं की दादा सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तर तो हसला आणि म्हणाला ताई गावाकडं या एकदा. नात्यातल्या एका काकांनी तर सुचवलं की सिंहगडाच्या पायथ्याला सोडून द्या, जगतो बरोबर. उपाशी मरायला असं सोडून देणं हा पण गुन्हाच आहे, फक्त कायदा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा, 1960 चा, आणि पहिल्या वेळेचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे दोन वडापावचा प्रश्न.

तेव्हा एका मैत्रिणीने ह्या ग्रुपचा नंबर दिला. फॉर्म भरायला मला पाऊण तास लागला. एकटा किती तास राहतो, फटाक्यांना काय करतो, मांजर-कोंबडी बघून काय करतो, कोणाला चावलाय का, जेवताना ताटलीला हात लावला तर काय. गॅलरीतल्या कबुतराचा किस्सा मी फॉर्ममध्ये लपवला होता, फोनवर ग्रुपमधल्या मुलीने इतक्या सहज विचारलं की सांगून टाकलं. पहिला फोन मात्र गोड नव्हता. ट्रेनर लावला होता का, किती महिने, डे केअर बघितलं का, मला वाटलं ही माझी उलटतपासणीच घेतीये, आणि घेतच होती. आज वाटतं बरंच केलं, पण त्या दिवशी मी फोन ठेवून रडले.

त्यांची एक अट पक्की, नसबंदी केल्याशिवाय जाहिरात टाकणार नाही. रक्त तपासणी धरून मला 6,500 लागले. पण पोस्टमध्ये नसबंदी झालीये एवढं लिहिल्यावर जोडीवाले सगळे गायब झाले, एका वाक्यात.

आता तो कापलेला स्टार. पोस्टमध्ये त्यांनी लिहिलं, "शांत, प्रेमळ, सगळ्यांशी मिळून मिसळून राहणारा". अहो फोटो झोपेतला आहे त्याचा! मी म्हटलं हे खोटं आहे, तर एडमिन म्हणाला असं लिहिल्याशिवाय लोक फोनच करत नाहीत. केले ना लोकांनी. पिंपळे सौदागरचं कुटुंब, नववा मजला, दोन लहान मुलं, 15 दिवस ट्रायलवर घेऊन गेले. ह्या कुत्र्यांचं डोकं निमुळतं आणि मान तेवढीच जाड, साधा पट्टा डोक्यावरून सरळ निघून येतो, म्हणून मी ओढलं की आवळणारा पट्टा सोबत दिला होता आणि दोनदा सांगितलं होतं. त्यांना तो दिसायला बरा वाटला नाही. चौथ्या दिवशी रात्री मेसेज, चित्या सुटलाय. दीड तास आम्ही त्या रुंद रस्त्यांवर गाडीच्या काचा खाली करून हाका मारत फिरत होतो, शेवटी एका पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीमागे सापडला. त्या लोकांवर माझा राग नाही, त्यांना शांत कुत्रा सांगितला होता.

दुसरी पोस्ट मीच लिहिली. रोज दोन तास पळवावं लागेल, मांजर असेल तर विचारूच नका, पट्ट्याशिवाय मोकळा सोडलात तर परत येणार नाही, थंडीत अंगावर घालायला लागतं कारण अंगावर चरबीच नाही. फोन आले तीन.

त्यातला एक सासवडकडचा, अंजिराची बाग, तीन एकर. मी तर मनातल्या मनात चित्याला तिथे पळताना बघून पण आले. त्या फॉर्मवाल्या मुलीने स्वतः बाइकवर जाऊन होम चेक केला आणि मला व्हिडिओ पाठवला, शेडच्या खांबाला साखळी आणि खांबाभोवती मातीत गोल खड्डा पडलेला, आधीच्या कुत्र्याच्या चालण्याचा. मालक फक्त शनिवार-रविवार येतात. मी तरी हट्ट केला की जागा केवढी आहे बघ ना. ती म्हणाली, "ताई, तीन एकर मालकाचे. कुत्र्याची साखळी जाईल तेवढंच त्याचं." ह्या एका नकारासाठी मी त्यांना चार काय, मनातून पाच दिलेत, पण दीड तासाची ती रात्र पण विसरत नाही म्हणून चारच.

शेवटी तळेगाव दाभाडेच्या एक मॅडम. त्यांच्याकडे आधीच सात वर्षांची कारवान कुत्री आहे. पहिला प्रश्न काय विचारला तर कंपाउंड सहा फुटांचं आहे, वर जाळी लावू का? मला तिथेच कळलं. दोन कुत्र्यांची भेट घरात नाही, बाहेर रस्त्यावर, शेजारी शेजारी चालवत घेतली, ती म्हातारी एकदाच गुरकावली आणि हा आयुष्यात पहिल्यांदा खाली बसला. मग होम चेक, परत 15 दिवस ट्रायल, मग करारावर सह्या, त्यात लिहिलंय की जमलं नाही तर परस्पर कोणाला द्यायचा नाही, ग्रुपलाच परत. लसीचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. फॉर्म भरल्यापासून सात आठवडे लागले. ग्रुपने फी घेतली नाही, माझा खर्च डॉक्टर आणि गाडीचा.

तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि परवा, त्यांनी व्हिडिओ मागवून मला पाठवले. परवाच्यात तो सोफ्यावर पाय वर करून झोपलाय, दुपारी तीन वाजता. आमच्याकडे तो दुपारी कधी झोपलाच नाही. सासूबाईंनी तो व्हिडिओ सहा वेळा बघितला आणि विचारलं की बारीक झालाय का गं.

कोणाला जायचं असेल तर फोन करू नका, उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर लिहा, उत्तराला दोन-तीन दिवस धरा. आणि पोस्ट टाकायच्या आधी मजकूर तुम्हाला दाखवायला सांगा.