हाइट व्हॉल्व्ह साधा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक?

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात एअर सस्पेन्शनचा ट्रेलर घ्यायचा विचार असेल, तर बलून (लोखंडी पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, जागी बसणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या) कुठल्या कंपनीचे हे नंतर बघा. त्यात हवा किती भरायची हे हाइट व्हॉल्व्ह ठरवतो, तो साधा घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक ते आधी ठरवा. (नुसता ऊस ओढायचा असेल तर पाटेच बरे, पुढचं वाचू नका.)

साधा व्हॉल्व्ह चेसीला बसतो आणि त्याचा दांडा लिंकने एक्सलला जोडलेला असतो. माल चढला की चेसी खाली बसते, दांडा वर जातो, टाकीतली हवा बलूनमध्ये शिरते. ठरलेली उंची आली की दांडा आडवा, हवा बंद. माल उतरला की दांडा खाली आणि जादा हवा बाहेर. मध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला हवा आत-बाहेर करता करता कॉम्प्रेसरचा जीव जाईल.

इलेक्ट्रॉनिकमध्येही लिंक असतेच, पण ती सेन्सर फिरवते. कंट्रोल युनिट उंची वाचून सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडतं. उंचीची मापं आत साठवलेली असतात, त्यामुळे गोदामाच्या धक्क्याला ट्रेलरची फळी जुळवणं बटणावर होतं. साध्यालाही वर-खाली करायचा हाताचा व्हॉल्व्ह जोडता येतो, पण निघताना तो जागेवर आणायची आठवण ड्रायव्हरला हवी.

पुणे-बेंगळुरू हायवेवर गोदाम ते गोदाम धंदा असेल तर इलेक्ट्रॉनिकचे जादा पैसे वसूल होतात. चोर्ला घाटाच्या पावसाचिखलात मात्र माझं मत साध्यालाच. लिंक निसटली तर दांडा जसा लोंबकळेल तसे बलून फुगतील नाहीतर बसतील, पण पाना आणि नवी लिंक असली की काम भागतं. कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर लॅपटॉपवाला मिस्त्री शोधत बसा.

जुना ट्रेलर बघताना टाकी पूर्ण भरून घ्या आणि व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या) भोकाला साबणाचं पाणी लावा. दांडा आडवा असताना फेस येत राहिला तर व्हॉल्व्ह आतून गळतोय. मग सपाट जागेवर चेसीची खालची कड ते एक्सलचा मध्य मोजा. खड्ड्यांना घाबरून लिंक फिरवून ट्रेलर उचलणारे बरेच असतात. माप कंपनीच्या पाटीशी जुळत नसेल तर आधी ते जुळवून द्यायला सांगा, भावाचं बोलणं त्यानंतर.