पूरपातळी सूचना सेवा : सांगलीतील एका वापरकर्त्याचा अभिप्राय

आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी, कोयना धरणाचा विसर्ग आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाची स्थिती एकाच संदेशात मोबाइलवर देणारी ही सेवा आमच्या नदीकाठच्या घराला पावसाळ्यात मोठा आधार देते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणी ५७ फुटांवर गेले होते. अलमट्टीच्या फुगवट्याबाबत, म्हणजे धरणामुळे नदीत मागे चढणाऱ्या पाण्याबाबत, महाराष्ट्र आणि कर्नाटकात मतभेद असले, तरी कृष्णा सीमा ओळखत नाही, म्हणून विसर्गाच्या माहितीची देवाणघेवाण अखंड चालणे मला अत्यावश्यक वाटते. उणीव एकच, पण गंभीर : रात्री अलमट्टीचे आकडे कित्येक तास जुनेच राहतात, आणि सामान माडीवर हलवण्याचा निर्णय नेमका तेव्हाच घ्यावा लागतो.