५३ अब्जांची पुंजी, पण अडीनडीला कामाला येते का? ब्रिज फंडिंगचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी अडीच स्टार. कशाला म्हणाल तर अमेरिकेतल्या बड्या युनिव्हर्सिट्यांनी २०२५ मध्ये सरकारी ग्रँट्स अडकल्यावर लॅब्जना जो 'ब्रिज फंडिंग' नावाचा प्रकार दिला त्याला, आणि त्याच्या मागे जी एंडोमेंट नावाची, देणग्या गुंतवून साठवलेली अवाढव्य पुंजी आहे तिलाही. ब्रिज फंडिंग म्हणजे ग्रँट परत सुरू होईपर्यंत युनिव्हर्सिटीने स्वतःच्या खिशातून दिलेले तात्पुरते पैसे. मी या सर्व्हिसची गिऱ्हाईक आहे, एका श्रीमंत म्हणवणाऱ्या युनिव्हर्सिटीत बायोलॉजीच्या लॅबमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची रिसर्चची नोकरी. नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथेच आहे बाबांनो.

घरच्यांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, की एवढे पैसे पडलेत तर रडता कशाला, मोडा की एफडी. प्रश्न चुकीचा नाहीये. हार्वर्डची एंडोमेंट जून २०२४ ला ५३.२ अब्ज डॉलर होती आणि जून २०२५ ला ५६.९ अब्ज, म्हणजे ज्या वर्षात सरकारने त्यांची २.२ अब्ज डॉलरची ग्रँट्स गोठवली त्याच वर्षात पुंजी वाढली. बाहेरच्या माणसाला हे बघून राग येणारच. फक्त ते २.२ अब्ज अनेक वर्षांचे मिळून आहेत हे लोक विसरतात, २०२४ च्या आर्थिक वर्षात हार्वर्डला सरकारकडून रिसर्चसाठी साधारण ६८.६ कोटी डॉलर मिळाले होते, एकूण उत्पन्नाच्या ११ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बारीक अक्षरातल्या अटी. एंडोमेंट म्हणजे एक खातं नाही, हार्वर्डच्या बाबतीत ती १४ हजारांहून जास्त वेगवेगळ्या फंडांची मोळी आहे आणि त्यातली जवळपास ८० टक्के रक्कम देणगीदारांच्या अटींनी बांधलेली. कोणी स्कॉलरशिपसाठी दिलेत, कोणी एखाद्या प्रोफेसरच्या खुर्चीसाठी, कोणी लायब्ररीसाठी, ते उचलून उंदरांच्या खाद्याला लावता येत नाहीत, कायदा आडवा येतो. वर हार्वर्डमध्ये प्रत्येक स्कूलने आपापल्या पायावर उभं राहायचं ही जुनी रीत, त्यामुळे पब्लिक हेल्थचं स्कूल, जे सरकारी ग्रँटवर सगळ्यात जास्त जगतं, त्याच्याकडे स्वतःची पुंजी बेताचीच आणि फटका सगळ्यात मोठा त्यालाच. शिवाय एंडोमेंटमधले साधारण ४० टक्के पैसे प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांत, अडकलेले, ते घाईत विकायचे म्हणजे पडेल भावात विकायचे.

इथपर्यंत युनिव्हर्सिटीवाल्यांचं म्हणणं मला पटतं. पण मग ते 'हात बांधलेले आहेत' एवढं बोलून थांबतात ना, तिथे माझी सटकते.

कारण साधा हिशोब करून बघा. ८० टक्के बांधलेले सोडले तरी २० टक्के म्हणजे दहा अब्जांच्या वर मोकळे राहतात. त्यातून वर्षाला ६८.६ कोटी जास्तीचे काढायचे म्हणजे मोकळ्या रकमेच्या साडेसहा टक्के, आणि दरवर्षी खर्चासाठी नेहमी काढतात ते साधारण ५ टक्के असतातच. एक-दोन वर्षं हे सहज झेपतं, कमाई बरी झाली तर पुंजीला फार ओरखडाही येणार नाही. दहा वर्षं असंच ओढत राहिलात तर मात्र महागाई धरून ती मोकळी रक्कम जवळपास अर्ध्यावर येईल, आणि त्या रकमेतूनच पगार, विजेची बिलं असलं कंटाळवाणं सगळं चालतं. म्हणजे पैसे आहेत, फक्त किती काळ काढायचे तो प्रश्न आहे. यावर कोणी नीट बोलत नाही, एक पार्टी म्हणते सगळं विका, दुसरी म्हणते हातही लावू नका.

हात न लावण्यामागे जुना विचार आहे. येलचे अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७४ मध्ये मांडलं की ट्रस्टींनी आजच्या मागण्यांपासून उद्याच्या पिढ्यांचा वाटा राखायचा. तत्त्व छानच आहे हो. पण प्रत्यक्षात काय होतं ते २००८-०९ ला दिसलं. हार्वर्डची एंडोमेंट त्या वर्षी २७ टक्क्यांनी आपटली, रोख रक्कम नव्हती म्हणून २.५ अब्ज डॉलर कर्ज काढलं, ऑलस्टनमधलं सायन्स कॉम्प्लेक्सचं बांधकाम थांबवलं आणि एंडोमेंटमधून दरवर्षी स्कूल्सना जाणारा हप्ताही कापला. म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच ही सर्व्हिस कमी मिळते! आणि हे एकट्या हार्वर्डचं नाही, २०१४ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये एक पेपर आला होता त्यात हेच निघालं, की बाजार पडला की युनिव्हर्सिट्या स्वतःच्याच नियमापेक्षा जास्त हात आखडतात, पुंजी जपण्यासाठी माणसं कमी करतात. यात देणगीदाराची अट कुठे आली? ही सवय आहे. माझा अर्धा स्टार इथेच गेला.

२०२५ चा फरक असा की यावेळी बाजार २००८ सारखा कोसळला नव्हता, तरीही पहिला विचार कर्जाचाच. हार्वर्डने एप्रिलमध्ये ७५ कोटी डॉलरचे बॉण्ड्स काढले. ते तसं शहाणपणाचंच, पडेल भावात इक्विटी विकण्यापेक्षा कर्ज स्वस्त पडतं. मे महिन्यात त्यांनी अडकलेल्या रिसर्चसाठी मध्यवर्ती निधीतून २५ कोटी जाहीर केले, प्रेसिडेंट ॲलन गार्बर यांनी स्वतःचा पगार २५ टक्के कमी केला. चांगली गोष्ट आहे, पण वर तो ६८.६ चा आकडा आहे ना, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. कोलंबियाचे ४० कोटी मार्चमध्ये रद्द झाले, एंडोमेंट १४ अब्जांच्या पुढे, तरी मे महिन्यात जवळपास १८० लोकांना घरी पाठवलं. नॉर्थवेस्टर्नचे ७९ कोटी अडकले, त्यांनी लॅब्ज स्वतःच्या पैशाने चालू ठेवल्या हे मान्य करायला हवं, तरी जुलैमध्ये ४२५ च्या आसपास जागा कमी केल्या, त्यातल्या निम्म्याच्या जवळपास आधीच रिकाम्या होत्या हे खरं.

आता आमच्याकडचा अनुभव. फॉर्म भरायला लावला, बजेट परत लिहायला लावलं, मग 'स्ट्रॅटेजिक प्रायॉरिटी' समजावून सांगणारी दोन पानं, मग कमिटी. कमिटी बसेपर्यंत आमची टेक्निशियन दुसरीकडे नोकरी बघून निघून गेली, आणि ती गेली म्हणजे फ्रीझरमधल्या कुठल्या खोक्यात काय आहे हे सांगणारं माणूसच गेलं. नंतर पैसे आले, मागितले त्याच्या निम्मे, आणि अट अशी की नवीन माणूस घ्यायचा नाही. बरं, ईमेलच्या खाली 'तुमच्या चिकाटीचं कौतुक' वगैरे. त्या कौतुकाचा एक स्टार कापलाय.

तरी मग अडीच स्टार कशाचे? तर जिथे हे पैसे वेळेत पोचतात तिथे खरंच जीव वाचतो. लॅबमधल्या काही गोष्टी पॉझ करता येत नाहीत. जेनेटिक बदल केलेल्या उंदरांची वसाहत एकदा बंद केली की परत उभी करायला वर्ष-दोन वर्षं जातात. वीस-वीस वर्षं एकाच माणसांचा पाठपुरावा करणाऱ्या स्टडीत एक फेरी चुकली तर ते भोक कायमचं राहतं, नंतर कितीही पैसे ओता. आणि आपल्यासारखे व्हिसावाले. एच-वन-बी वर नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर स्टेटस बदला नाहीतर सामान बांधा. सहा महिन्यांच्या पगाराची हमी इथे जे काम करते ते नंतर आलेल्या कितीही मोठ्या ग्रँटने होत नाही, कारण तोपर्यंत माणूस देशातच नसतो.

दुसरं, हा पूल कुठे टेकतोय ते दिसत असेल तर तो बांधण्यात अर्थ आहे. हार्वर्डने एप्रिलमध्ये सरकारवर केस टाकली आणि ३ सप्टेंबरला जज ॲलिसन बरोज यांनी ग्रँट्स गोठवणं बेकायदा ठरवलं. मधल्या साडेचार महिन्यांत ज्या लॅब्ज तगल्या त्याच पुढे काही करू शकणार. असल्या वेळी एंडोमेंट नाही वापरायची तर कधी वापरायची? पण फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने (मेडिकल रिसर्चला पैसे देणारी सरकारी संस्था) वरखर्चावर, म्हणजे ग्रँटसोबत इमारत, वीज, ऑफिससाठी मिळणाऱ्या जादा पैशांवर, १५ टक्क्यांची मर्यादा घालायचा प्रयत्न केला तो वेगळा मामला. हार्वर्डचा हा दर तेव्हा ६९ टक्के होता, येलचा ६७.५. कोर्टाने ते अडवलं, पण समजा लागू झालं असतं तर ती दरवर्षीची कायमची तूट, तिथे पलीकडचा काठच नाही. तिथे एंडोमेंट ओतणं म्हणजे सरकारची जबाबदारी हळूच आपल्या डोक्यावर घेणं, आणि उद्या कोणीही म्हणेल बघा, तुम्हाला आमच्या पैशांची गरज नव्हतीच. हा युक्तिवाद मला पूर्वी बहाण्यासारखा वाटायचा, पण कायमच्या कपातीच्या बाबतीत तो खरा आहे.

आणि सरकारचीही गंमत बघा. एकीकडे म्हणायचं तुमची पुंजी वापरा, दुसरीकडे जुलै २०२५ च्या कायद्याने त्याच पुंजीच्या कमाईवरचा टॅक्स १.४ वरून, विद्यार्थ्यामागे २० लाख डॉलरच्या वर असेल तर, थेट ८ टक्के केला.

उपलब्धतेबद्दल तर बोलायलाच नको. ही सर्व्हिस बहुतेकांच्या गावात मिळतच नाही. नॅकुबो या कॉलेजांच्या हिशोबनिसांच्या संघटनेच्या २०२४ च्या सर्व्हेत ६५८ संस्था मिळून ८७३.७ अब्ज डॉलर, ऐकायला केवढे वाटतात, पण सगळ्यांना ओळीत लावलं तर अगदी मधल्या संस्थेची एंडोमेंट फक्त २४.३ कोटी. त्याचे ५ टक्के म्हणजे वर्षाला १.२ कोटी, आणि देशभरात एंडोमेंटमधून निघणाऱ्या पैशातला जवळपास निम्मा स्कॉलरशिपला जातो. अशा ठिकाणी कोणता पूल आणि काय. यूमॅस चॅन मेडिकल स्कूलने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या पीएचडी ऑफर्स मागे घेतल्या, त्या मुलांना हार्वर्डच्या ५३ अब्जांचा काय उपयोग. म्हणून 'युनिव्हर्सिट्यांनी एंडोमेंट वापरावी' असं सरसकट कोणी लिहिलं की समजायचं त्याच्या डोळ्यासमोर पाच-दहाच नावं आहेत. त्या पाच-दहांनी मात्र खरंच वापरावी, दोन वर्षं हप्ता एक-दीड टक्क्याने वाढवावा, आणि पैसा कमिटीकडे न जाता आधी पगाराच्या खात्यात जावा, स्ट्रॅटेजी नंतर लिहू.

यंदा पीएचडी किंवा पोस्टडॉकची ऑफर हातात असेल तर रँकिंग आणि एंडोमेंटचा आकडा बघत बसू नका. पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, सरळ विचारा की ग्रँट थांबली तर माझा पगार किती महिने आणि कोण देणार, ते लेखी मिळेल का, आणि गेल्या वर्षी तुमच्या डिपार्टमेंटमध्ये ब्रिज मागणाऱ्यांपैकी किती जणांना मिळाला. तिसऱ्या प्रश्नावर पीआय खिडकीबाहेर बघायला लागला तर दुसरी ऑफर सोडू नका.