शॅडो टीचर की रिसोर्स रूम?
विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा बहुधा दोनपैकी एक मदत देऊ करते: वर्गात मुलाशेजारी बसणारी शॅडो टीचर, किंवा काही तास वर्गाबाहेर नेऊन रिसोर्स रूममध्ये शिकवणं. निदानाच्या नावावरून निवडू नका; मूल नेमकं कुठे अडतं ते पाहा.

वाचन, लेखन, गणिताचा पायाच कच्चा असेल तर रिसोर्स रूम बरी. मात्र आठवड्यातून एक लांबलचक तास पुरत नाही. छोटे, वारंवार तास हवेत. त्यासाठी खेळाचा किंवा चित्रकलेचा तास जाणार नाही, हे लिहून घ्या. कित्येक मुलांना शाळेत तेवढाच आनंद असतो.

लक्ष टिकवणं, गोंगाट सोसणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं जड जात असेल तर शॅडो टीचर हवी. धोका मोठा आहे: ती उत्तरं सांगू लागते, मूल तिच्याच तोंडाकडे बघतं आणि वर्गशिक्षिका त्याला प्रश्न विचारेनाशी होते. म्हणून सूचनेनंतर ५ ते १० सेकंद थांबायचं, मग खूण, मग शब्द, हात धरणं सगळ्यात शेवटी. ही मदत कशी कमी करत जायची, तेही शाळेने मुलासाठी आखलेल्या योजनेत हवं.

दोन्हीत उद्दिष्ट मोजता येईल असं मागा. ‘वाचन सुधारेल’ असं नको. ‘३ महिन्यांत अनोळखी उताऱ्यातले १०० पैकी ९० शब्द बरोबर वाचेल’ असं.