रावेरची फोन लाइन, रेड हॅट ९ (लिनक्स) आणि बाहेरचा मोडेम : दिवाळी ते मृग वापरल्यानंतर

मृगाचा पहिला पाऊस पडला आणि दिवाळीपासून बिनतक्रार चालणारं डायल-अप इंटरनेट कनेक्शन सारखं तुटायला लागलं. म्हणून हे लिहितोय. माझा मोडेम, म्हणजे फोन लाइनीवरून इंटरनेट जोडणारा डबा, बाहेर ठेवायचा: ५६के (सेकंदाला ५६ हजार बिटपर्यंत), व्ही.९० (त्या वेगाचं स्टँडर्ड), सिरियल केबल, वेगळा अ‍ॅडॉप्टर.

दुकानदार कॉम्प्युटरच्या आत बसणारं मोडेमचं पीसीआय कार्ड गळ्यात मारत होता, निम्म्याहून कमी किमतीत. ती बहुतेक विनमोडेम असतात. मोडेमचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळाला तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की तो पुन्हा कंपाइल करत (सोर्समधून बनवत) बसा. बाहेरचा मोडेम सगळं काम स्वतः करतो. कॉम-१ या सिरियल पोर्टला लावला, टीटीवायएस० वर (त्या पोर्टचं लिनक्समधलं नाव) लगेच सापडला. जास्तीचे पैसे तेव्हा टोचले होते.

आता टोचत नाहीत, ते त्याच्या दिव्यांमुळे. ओएच (ऑफ-हुक) पेटला की फोन उचलला गेला. सीडी (कॅरियर डिटेक्ट) पेटला की पलीकडच्या मोडेमशी जुळलं. सीडी पेटतच नसेल तर दोष बहुधा लाइनीत किंवा डायल करण्यात, लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगला हात लावू नका. 'नो डायलटोन' येत असेल आणि फोनवर टोन ऐकू येत असेल, तर मोडेमला एटीएक्स३ ही कमांड द्या, टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. सीडी पेटून एलसीपी टाइमआउट (जुळल्यावरची पहिली बोलणी अर्धवट राहिल्याचा निरोप) येत असेल तर डब्ल्यूव्हीडायल या डायल करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत 'स्टुपिड मोड' चालू करून बघा. लॉगिनच्या प्रश्नासाठी न थांबता सरळ पीपीपी (फोन लाइनीवर इंटरनेट चालवायची पद्धत) सुरू होतं. आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळालाय, पण साइट उघडत नाही? आधी नुसत्या आयपीला पिंग करा, म्हणजे तिकडून उत्तर येतं का बघा. ते गेलं तर डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) मिळालेला नाही, पीपीपीच्या ऑप्शनमध्ये 'यूजपीअरडीएनएस' घाला. तेही नाही गेलं तर बहुधा नेटवर्क कार्डाचा गेटवे (बाहेर जायचा रस्ता) आधीच बसलाय, आणि पीपीपी चालवणारा पीपीपीडी हा प्रोग्राम असलेला डीफॉल्ट रूट (नेहमीचा रस्ता) बदलत नाही. आतल्या कार्डात हे दिवेच नाहीत, मग अंधारात काय शोधणार?

वेगाबद्दलचं माझं मत मात्र पावसाने बदललं. उन्हाळ्यात ४४-४५के मिळायचं, छान वाटायचं. खांबावरचा जॉइंट ओला झाला, लाइन खरखरायला लागली, आणि तोच वेग टिकेना. व्ही.९०ला स्वच्छ लाइन लागते. माझा मोडेम रॉकवेल चिपचा; त्याच्या इनिट ओळीत (डायल करण्याआधी मोडेमला जाणाऱ्या कमांडमध्ये) त्याला जुन्या, हळू व्ही.३४ वर बांधून टाकलं. आता २८,८०० ला जुळतो, पण तासभर हलत नाही. प्रत्येक तुटण्यामागे नवा कॉल आणि नवा पल्स (बिलाचं माप) पडायचा; हळू चालणारं नेट बिलात स्वस्त पडलं. केळीचे भाव आणि मेल बघायला एवढा वेग पुरतो. तक्रार नोंदवून पंधरवडा झाला, लाइनमन अजून आलेला नाही, याची चीड आहेच.

जुना मोडेम मिळाला तर जरूर घ्या. फक्त त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्या: काही मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, आणि बाजारात सहज मिळतात ते डीसी.